मदत हवी आहे: साडेचार वर्षांच्या मुलीच्या दुधाच्या दाढा किडल्यात, उपचार करावेत का? (नवी मुंबई)

नमस्कार. आम्ही घणसोलीला राहतो. लेक हल्ली पोळीचा घास फक्त डाव्या बाजूने चावते, हे सासूबाईंच्या लक्षात आलं. मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं तर उजवीकडे खालच्या दोन दाढांच्या फटीत तपकिरी रेघ आणि मागच्या दाढेला चक्क खड्डा. वरच्या पुढच्या दातांवरही हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात.

एका डेंटिस्टनी एक्स-रे काढून सांगितलं की मागच्या दाढेची कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली आहे, रूट कॅनालसारखे उपचार करून वर कॅप बसवावी लागेल. पुढच्या दाढेत सिमेंट भरून भागेल. दुसऱ्यांनी एक्स-रेसुद्धा न काढता "दुधाचे दात आहेत, पडणारच, दुखलं तर काढून टाकू" म्हणून परत पाठवलं. सासऱ्यांचंही तेच म्हणणं, एवढ्याशा पोरीला इंजेक्शन कशाला? पण रात्री ती गाल धरून उठते ते बघवत नाही.

मला कळत नाही ते असं, की ती चॉकलेट क्वचितच खाते आणि सकाळी ब्रशही करते. मग कीड लागली कशी? तिचा दिवस सांगते: उठल्यावर चॉकलेट पावडर घातलेलं दूध, शाळेत छोटा डबा, पाळणाघरात जेवण आणि मधेमधे बिस्किटं, चार वाजता टोस्ट, संध्याकाळी सोसायटीत खाली खेळताना कुणी ना कुणी हातावर काही ठेवतंच, झोपताना पुन्हा तेच दूध. रात्री ब्रश म्हटलं की तोंड घट्ट मिटून घेते.

त्या दाढेवर खर्च करावा का? आणि बाकीचे दात कसे वाचवू? जाणकारांनी कृपया सांगा.

चाफेकळी:
मी लहान मुलांची दंतवैद्य आहे, नेरूळला. तोंड न तपासता निदान करणार नाही, पण "पडणारच आहेत" हे या दाढेला लागू होत नाही. पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात. मागची दुधाची दाढ मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत राहते, म्हणजे अजून निम्म्याहून जास्त काम तिला करायचंय. सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्या मागे पहिली कायमची दाढ येते. दुधाची दाढ आधीच काढली तर ही कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. काढावीच लागली, तर जागा राखणारी तार बसवून घ्या.

रात्री दुखून जाग येत असेल तर थांबू नका. गालावर सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. लवंगेचं तेल लावू नका, लहान मुलांच्या हिरड्या भाजतात.

कीड का लागली, ते तुम्ही लिहिलेल्या दिवसातच आहे. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. दातांवरच्या थरातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दातातलं कॅल्शियम विरघळू लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास तरी लागतो. बिस्किट-टोस्टचा लगदा दाढांच्या फटीत बसतो, तोही तितकाच वाईट. दर तासा-दीड तासाने काही ना काही तोंडात गेलं तर लाळेने काम करायचं कधी? झोपेत तर लाळ फारच कमी होते, त्यामुळे झोपतानाचं गोड दूध सगळ्यात घातक. ते साध्या दुधावर आणा, जेवणाबरोबरच द्या, आणि ब्रशनंतर फक्त पाणी.

पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइड १००० पीपीएम आहे का बघा. मुलांच्या कित्येक रंगीत जेलमध्ये ते निम्मं असतं किंवा नसतंच. मटारच्या दाण्याएवढी पेस्ट, थुंकायचं, पण चूळ भरायची नाही. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवायचा. पांढरे पट्टे ही किडीची सुरुवात आहे. खड्डा पडायच्या आत फ्लोराइड वार्निश (डेंटिस्ट दातांवर लावतात तो फ्लोराइडचा लेप) लावलं तर ती बहुतेक वेळा तिथेच थांबते.

ठाणेकरीण:
घोडबंदर रोडवरून लिहितेय. आमच्या चिरंजीवांचंही असंच तोंड मिटणं चालायचं. आरशासमोर उभं करणं सोडलं. आता मी पलंगावर बसते, तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून वर बघतो, गालात बोट घालून मागच्या दाढांपर्यंत ब्रश फिरवते. पहिल्या आठवड्यात रडारड झाली, नंतर सवय लागली. पाळणाघराला मात्र लेखी द्या. तोंडी सांगितलेलं "एकच दिलं हो" मध्ये विरून जातं. मधल्या वेळेला काकडी, चण्याचे फुटाणे, उकडलेलं अंडं पाठवा. आणि कॅप बसवा. आम्ही बसवली, त्यानंतर पोरगा दोन्ही बाजूंनी चावायला लागला.

धागाकर्ती:
खूप आभार. चाफेकळी ताई, कॅप स्टीलची की पांढरी? पांढरीचा खर्च बराच जास्त सांगितलाय.

चाफेकळी:
मागच्या दाढेला स्टीलचीच घ्या. टिकते, दात कमी घासावा लागतो आणि दाढ पडताना तिच्यासोबतच निघून जाते. खर्चाची अडचण असेल तर नेरूळ, खारघर, कामोठे इथे डेंटल कॉलेजं आहेत. तिथल्या मुलांच्या दंतविभागात खाजगीपेक्षा बरंच कमी लागतं, फक्त वेळ काढून जा. पहिला एक्स-रे सोबत न्या, पुन्हा काढायला नको.