धातू तापला की भोक मोठं होतं की लहान? आपापले अनुभव लिहा

गोळा आणि कडीचा प्रयोग शाळेत बघितलेला असतो, गार गोळा कडीतून जातो, तापवला की अडकतो. पण कडीच तापवली तर? निम्मे लोक ठासून सांगतात की धातू आतल्या बाजूलाही फुगणार, म्हणजे भोक बारीक होणार. नाही होत. कडी कापून सरळ केली असं समजा, ती पट्टी तापून लांब झाली आणि परत वाकवली तर घेर मोठाच येणार ना. एवढं कागदावर ठीक आहे, पण गरम पार्ट समोर असतो तेव्हा काय काय होतं ते वाचायचंय. फिटर, टर्नर, गॅरेजवाले, सगळ्यांनी लिहा.

---

बेअरिंगचं सांगतो. ५० मिमी बोअरचं (आतल्या भोकाचं) बेअरिंग १०० डिग्रीने तापलं की बोअर साधारण ०.०६ मिमी वाढतो, ऐकायला काहीच नाही पण तेवढ्यात शाफ्टवर हाताने सरकतं, हातोडा लागत नाही. आम्ही इंडक्शन हीटर ११० ला लावतो, साधं बेअरिंग १२० च्या पुढे न्यायचं नाही, स्टीलच्या आत बदल होऊन साइज कायमची बिघडू शकते. आणि शाफ्टच्या खांद्याला (जिथे तो जाड होतो त्या पायरीला) टेकवून गार होईपर्यंत दाबून धरा, कारण ते रुंदीतही आकसतं आणि मागे फट राहते, नवीन पोरं हे हमखास विसरतात.

---

फ्लायव्हीलची रिंग गिअर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर बाहेरून बसणारी दातेरी कडी! ३०० मिमीची रिंग २०० डिग्रीने तापवली की व्यास पाऊण मिमीच्या आसपास वाढतो, मग अलगद खाली बसते. घासून चकचकीत केलेल्या जागी फिकट पिवळा रंग आला की थांबायचं, निळी झाली तर दात मऊ पडतात. बसवताना मात्र एका दमात, तिरकी अडकली की तिथेच गार होऊन धरते आणि मग बसा ठोकत.

बैलगाडीच्या चाकावर धाव (लोखंडी पट्टा) चढवतात ते हेच की.

---

सगळे "भोक मोठं होतं" म्हणताय म्हणून मुद्दाम लिहितोय, ते पार्ट सगळीकडून सारखा तापला तरच. जाडजूड कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग) काढताना कुणीतरी घाईत थेट बोअरजवळ गॅस मारतो, आतलं मटेरियल फुगायला बघतं पण बाहेरचा गार धातू त्याला फुगू देत नाही, मग ते आतच दाबलं जातं आणि भोक उलट आवळूही शकतं. शिवाय शाफ्टही तापून फुगतो. म्हणून आमच्याकडे बाहेरच्या कडेपासून सुरू करून फ्लेम फिरवत फिरवत आत यायचं असा नियमच आहे, वेळ लागतो पण पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावला की निघतं. माझ्या मते या विषयातली खरी गोम ही आहे, बाकी गणित सोपंय.

---

ॲल्युमिनियम हाऊसिंगमधलं (बेअरिंग ज्यात बसतं त्या कवचातलं) बेअरिंग काढायला एवढी कसरत नको, दोन्ही सारखं तापलं तरी चालतं. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट वाढतं. हाऊसिंग ओव्हनमध्ये १०० पर्यंत न्या, उलटं करून लाकडावर आपटा, पडतं.

---

मी इन्स्पेक्शनला (तयार पार्टची मापं तपासायला) आहे, आमच्याकडे उलटी तक्रार येते. ऑपरेटर म्हणतो मशीनवर बोअर बरोबर होता, इथे अंडरसाइज (मापापेक्षा लहान) कसा? अरे बाबा, १०० मिमीचा ॲल्युमिनियमचा बोअर कटिंगने ४५ डिग्रीला पोचलेला असताना मापलास, २० ला आला की ०.०६ मिमी आकसणार, आणि एच७ या फिटच्या वर्गात या मापाला टॉलरन्सच, म्हणजे चालणारा फरकच, ०.०३५ मिमी आहे. गार होऊ दे, मग गेज घाल.

---

गंजलेल्या नटाला कसं करता? बोल्टही तापतोच की.

---

तापू दे. फक्त नटावर पटकन हीट द्यायची, आधी नट फुगतो, बोल्ट मागून. दोन्ही सारखे झाले तरी गंजाचा थर तडकलेला असतो. गार होताना थोडा ऑइल सोडून मागेपुढे हलवत राहा, एकदम जोर लावलात तर बोल्ट तुटतो.