मदत हवी आहे: यूएमएलच्या आकृत्या कुणी तपासून देईल का?

नमस्कार मंडळी. हिंजवडीत टेस्टिंगमध्ये आहे, आता डिझाइनकडे वळायचंय म्हणून यूएमएल (सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांतून मांडायची ठरलेली पद्धत) शिकतेय. २.५ आवृत्तीत १४ प्रकारच्या आकृत्या आहेत, पण सगळ्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. यूज केस (वापरणारा काय काय करतो), क्लास (कुठल्या गोष्टी आहेत आणि त्यांची नाती) आणि सीक्वेन्स (कशानंतर काय घडतं) यांवर हात बसला तरी पुष्कळ झालं.

सरावाला विषय म्हणून पीएमपीचा (पुण्याच्या सिटी बसचा) मासिक पास घेतलाय. 'प्रवासी' आणि 'पास' हे क्लास जमले. घोडं अडलंय ते पास आणि त्याच्या नूतनीकरणाच्या नोंदींपाशी. दोन्ही जोडणाऱ्या रेघेच्या टोकाला भरीव शंकरपाळी काढायची की पोकळ (म्हणजे सैल नातं)? भरीव, म्हणजे कंपोझिशन धरलं तर पास पुसला की नोंदीही गेल्या. मग हिशेब तपासणारा काय बघणार? की इथे साधी असोसिएशनची (नुसता संबंध दाखवणारी) रेघच पुरे? शिवाय यूज केसच्या आकृतीत 'पैसे भरणे' इन्क्लूड (दर वेळी घडणारच) आणि 'सवलत देणे' एक्स्टेंड (कधीकधीच घडणारं) धरलंय. एक्स्टेंडचा बाण मूळ यूज केसकडे जातो, म्हणजे इन्क्लूडच्या उलट, बरोबर ना?

आकृत्या प्लँटयूएमएलमध्ये (मजकूर लिहिला की आकृती काढून देणारं साधन) काढते. अप्पा बळवंत चौकातली परीक्षेची गाइडं कृपया सुचवू नका, त्यांत नुसत्या व्याख्या असतात. खरी, चालू प्रोजेक्टमधली आकृती कुठे बघायला मिळेल? शनिवार-रविवारी कोथरूड किंवा डेक्कनला कुणी तासभर बसणार असेल तर मी येते, चहा माझ्याकडून.