रानात पोर्टा केबिन ठेवायचीय, परवानगी आणि घरपट्टीचं काय? (ता. जावळी, सातारा)

रानकरी_जावळी
नमस्कार मंडळी. मेढ्याच्या पुढं आमचं रान आहे, सातबाऱ्यावर ५२ गुंठे, वडील आणि चुलते दोघांचं सामाईक, वाटप अजून झालेलं नाही. भात पोटरीला आलं की रानडुकरं आणि गवे येतात, वडील रात्रीचे राखणीला जातात पण त्या माळ्यावर चढणं आता त्यांना झेपत नाही, पावसात तर बघवत नाही. म्हणून १० बाय २० ची तयार पोर्टा केबिन आणून ठेवू म्हणतोय, मागं संडास बाथरूम, वर सोलर. विकणारा म्हणतो पाया नाही, क्रेननं उचलून नेता येते, मग हे बांधकामच नाही, कुणाला विचारायची गरज नाही. गावातला एकजण म्हणतो ग्रामपंचायतीत घरपट्टी लावून घ्या, पावती आली की विषय मिटला. खरं काय आहे? आणि आधी वाटप करून आमचे २६ गुंठे वेगळे काढले तर सोपं पडेल का? पुढंमागं शनिवार रविवार पर्यटकांना द्यायचं पण डोक्यात आहे.

सातारा_सिव्हिल
दादा, आधी वाटपाचं थांबवा. तिथंच लोक फसतात.

जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये शेतघराची व्याख्या आहे, त्यात अवजारं, खत, वैरण, धान्य, जनावरं आणि शेतकऱ्याच्या घरच्यांनी किंवा गड्यांनी राहणं हे सगळं बसतं. म्हणजे राखणीला झोपायला केबिन ही शेतीचाच भाग आहे, त्यासाठी जमीन एनए (बिगरशेती) करावी लागत नाही. पण नगरपालिकांच्या आसपास आणि जिथं प्रादेशिक योजना लागू आहे तिथं त्याच संहितेच्या कलम ४१ ची परवानगी लागते, आणि राहण्याचं शेतघर असेल तर जमीन किमान ०.४ हेक्टर म्हणजे जवळपास ४० गुंठे पाहिजे. आज तुमचे ५२ आहेत, बसताय. वाटप करून २६ केले की बाहेर. वाटप कधीही करता येतं हो, पण एकदा फेरफार पडला की परत एकत्र आणणं म्हणजे डोक्याला ताप. १० बाय २० म्हणजे जेमतेम १८-१९ चौरस मीटर, ४० गुंठ्यांवर राहण्यासाठी १५० चौरस मीटरपर्यंत बसतं, त्यामुळे मापाची अडचण नाहीच.

पाया नाही म्हणून बांधकाम नाही हे चुकीचं आहे. बांधकाम नियमावलीत इमारत म्हणजे कुठल्याही मटेरियलची, कुठल्याही कामासाठीची रचना. पत्रा असो नाहीतर आरसीसी. शिवाय तुम्ही मागं शोषखड्डा खणणार, पाण्याची लाइन ओढणार, मग उचलून नेतो म्हणून कोण ऐकणार?

आणखी एक, तुमच्या भागातली बरीच गावं नवीन महाबळेश्वर प्रकल्पात गेलीत, तिथं नियोजन प्राधिकरण एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ) आहे. गट नंबर घेऊन आधी झोन दाखला (जमीन आराखड्यात कुठल्या वापराला धरलीय त्याचा दाखला) काढा, त्याच्यावर कळेल अर्ज कुणाकडं करायचा. केबिनचा ॲडव्हान्स त्याच्या नंतर द्या.

वारणाकाठ
मी शिराळ्याचा. घरपट्टीचं सांगतो कारण आमच्याकडं पण हाच समज आहे. ग्रामपंचायत नमुना ८ ला (घरपट्टीच्या नोंदवहीत) नोंद घेते आणि कर लावते, भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडीरेकनरचा दर, बांधकामाचा प्रकार, वय, वापर असं बघून. पत्र्याच्या लहान केबिनला फार येत नाही. पण ती कराची पावती आहे, परवानगी नाही आणि मालकीचा पुरावा पण नाही. विनापरवाना असलं तरी कर घेतला जातो, आणि उद्या तहसीलची महसूल संहितेच्या कलम ४५ ची (विनापरवाना वापराच्या दंडाची) नोटीस आली तर ती पावती पुढं करून काही होत नाही. परवानगी आधी, मग नोंद.

लाइटचं पण बघा. मोटरच्या शेतीपंपाच्या कनेक्शनवरून केबिनला वायर ओढायची नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये तो अनधिकृत वापर धरतात आणि दुप्पट दरानं आकारणी होते. सोलर लावताय ते एकदम बरोबर.

आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात शेरा काय आहे ते वाचलं का? कोयना, उरमोडी, वारणा, धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनी बऱ्याचदा वर्ग २ (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) असतात, त्यांच्या अटी वेगळ्या.

हिशोबनीस_सांगली
टॅक्सचा भाग. शेतकरी स्वतः राहतो किंवा माल ठेवतो अशा रानातल्या घराचं उत्पन्न आयकर कायद्यात शेती उत्पन्नात येतं. पर्यटकांना भाड्यानं दिलं की ते शेती उत्पन्न राहत नाही, रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. आणि वापर बदलला म्हणजे शेतघराची सवलत पण गेली. पाहुणे ठेवायचेच असतील तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करा. राखणीची केबिन म्हणून परवानगी घ्यायची आणि भाड्याची जाहिरात टाकायची, हे करू नका.

रानकरी_जावळी
लै आभार सगळ्यांचे. सातबारा आत्ता काढून बघितला, वर्ग १ आहे, शेरा फक्त सोसायटीच्या कर्जाच्या बोज्याचा. चुलते हो म्हणतील पण त्यांची पोरं मुंबईला आहेत, पुढं त्यांनी पण घर बांधायचं म्हटलं तर?

सातारा_सिव्हिल
हे आत्ताच बोलून घ्या. चुलत्यांची लेखी संमती स्टॅम्पपेपरवर घ्या, त्यात केबिनचं माप, जागा बांधापासून किती फुटावर ते टाका. ५२ गुंठ्यांवर नियमात जेवढं क्षेत्र बसतं ते दोन्ही घरांचं मिळून आहे, तेव्हा त्यांच्या वाट्याचं क्षेत्र त्यांच्यासाठी राखलंय असं स्पष्ट लिहा आणि पोरांच्या पण सह्या घ्या. आणि बोजा आहे ना, मग सोसायटीला पण विचारून ठेवा. गणपतीला सगळे गावी येतात तेव्हा उरकून टाका.