मदत हवी आहे: बाळाचा बाप्तिस्मा, वचन एकच पण अर्थ दोन

बडोद्यात राहतो, मी कॅथलिक घरातली, सासर पेंटेकॉस्टल. मुलगी चार महिन्यांची आहे. आई म्हणते आत्ताच बाप्तिस्मा उरकून घ्या, नवरा म्हणतो आत्ता फक्त अर्पण करू (म्हणजे बाप्तिस्मा न देता प्रार्थनेने बाळ देवाच्या हाती सोपवायचं), मोठी झाली की ती स्वतः ठरवेल.

गंमत म्हणजे दोघं बायबलमधलं एकच वचन काढतात, प्रेषितांची कृत्ये 16:33, फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी आणि त्याच्या घरची सगळी माणसं बाप्तिस्मा घेतात ते. आई म्हणते घरची म्हणजे त्यात लेकरं आलीच की. नवरा लगेच त्याच्या मागच्या-पुढच्या ओळींवर, 32 आणि 34 वर बोट ठेवतो, आधी सगळ्यांना वचन सांगितलं, मग सगळं घर आनंदलं, तान्ह्या बाळाला काय कळणार. टर्टुलियन या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लेखकाने इ.स. 200 च्या सुमारास लहान मुलांचा बाप्तिस्मा लांबवा असं लिहिलंय, तेही दोघं आपापल्या बाजूने ओढतात!

फादर आणि पास्टर दोघांशी बोलून झालंय, दोघं प्रेमाने आपलंच सांगतात. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, 1970 पासून) बाळाचा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा, दोन्ही पद्धती चालतात हे माहितीये, पण चर्च बदलायचं नाहीये, आणि कुठलं चर्च खरं हा वाद प्लीज नको.

एवढंच सांगा, कलस्सैकरांस 2:11-12 मध्ये सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी-शेजारी आलेत, कॅथलिक त्यावरूनच बाळांचं सांगतात, त्याला पेंटेकॉस्टल बाजूने नेमकं काय उत्तर देतात? आणि अशा मिश्र घरात आधी अर्पण करून पुढे कॅथलिक बाप्तिस्मा कुणी केलाय का, तेव्हा मुलाची तयारी कशी करून घेतली?