इथेनॉलसाठी धान्य वळवताना मर्यादा कुठे असावी?

घोडबंदर_वाचक
पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आधी २०३० सालचे होते. २०२२ मध्ये जैवइंधन धोरणात दुरुस्ती करून ते २०२५-२६ वर आणले गेले आणि ते गाठलेही गेले. खनिज तेलाची आयात कमी व्हावी याला माझा विरोध नाही. हे इंधन कशातून काढले जाते आणि त्याचा भार कोणावर पडतो, एवढाच माझा प्रश्न आहे. २०१३-१४ मध्ये मिश्रण दीड टक्क्याच्या आसपास होते, तेव्हा साखर कारखान्यांच्या मळीवर काम भागत होते. आज निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्यापासून, म्हणजे मुख्यतः मका आणि तांदळापासून बनते.

तांदळाचे पाहा. २०२४-२५ च्या इथेनॉल वर्षासाठी (नोव्हेंबर ते ऑक्टोबर) भारतीय अन्न महामंडळाचा ५२ लाख टन तांदूळ डिस्टिलऱ्यांसाठी राखला गेला आणि दर ठरला क्विंटलला २२५० रुपये. खरेदी, भरडाई, वाहतूक आणि साठवण धरली तर हाच तांदूळ सरकारला किलोला ४० रुपयांच्या घरात पडतो. मधला फरक शेवटी करदात्याच्या पैशातून भरला जातो, आणि ज्या गोदामांतून हा तांदूळ निघतो ती गोदामे अन्नसुरक्षेच्या नावाने उभी आहेत. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. त्या हिशेबाने ५२ लाख टन म्हणजे साडेआठ कोटींहून अधिक माणसांचे वर्षभराचे धान्य होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली, आणि जव्हार-मोखाडा हे कुपोषणासाठी ओळखले जाणारे तालुके २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. अशा देशाने रेशनचा तांदूळ तोट्यात विकून त्याचे इंधन करावे, हे मला पटत नाही. जाणकारांनी, विशेषतः शेतीशी संबंध असलेल्यांनी, आपले मत मांडावे.

जालन्याचा_ठाणेकर
धागाकर्त्यांबद्दल आदर ठेवून लिहितो, पण हा शहरातून मांडलेला हिशेब आहे. २०२५ च्या मध्यावर सरकारी गोदामांत बफरच्या, म्हणजे अडीअडचणीसाठी राखायच्या साठ्याच्या, निकषाच्या दुपटीहून अधिक तांदूळ पडून होता. १ जुलैला १३५ लाख टन तांदूळ असावा असा निकष आहे. त्याच्या कितीतरी वर साठा झाला की तो ठेवायला जागा नसते, त्यावर व्याज चढते, आणि शेवटी तो सडला की हीच मंडळी हळहळ व्यक्त करतात. शिवाय मोखाड्यातल्या मुलाला तांदूळ कमी पडत नाही. तो रेशनवर फुकट मिळतो. त्याला कमी पडते डाळ, तेल, दूध आणि अंडे. इथेनॉलला जाणारा तांदूळ थांबवला म्हणून त्यातले काहीही त्याच्या ताटात येणार नाही.

आता मक्याबद्दल. आमच्या भागात मका हे वर्षानुवर्षे व्यापारी ठरवील त्या भावाने विकायचे पीक होते. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये दर मिळू लागला तेव्हा डिस्टिलऱ्या बाजारात उतरल्या आणि आमच्या मक्याला पहिल्यांदा दुसरे गिऱ्हाईक मिळाले. उसाचेही तसेच आहे. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि पुढे अनेक वर्षे तिथेच अडकून राहिला, एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर, मात्र वाढत गेली. कायद्याप्रमाणे उसाचे पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. ते देण्याची ताकद कारखान्यांना इथेनॉलच्या रोख पैशाने दिली. शेतमालाचे भाव चढले की अन्नसुरक्षा आठवते आणि पडले की कोणालाच काही आठवत नाही, याचा शेतकऱ्याला मनापासून वीट आला आहे.

मुरबाड_पोल्ट्री
जालन्याच्या दादांनी अंड्याचा उल्लेख केला म्हणून लिहितो. कोंबडीच्या खाद्यात निम्म्याहून अधिक मका असतो. २०२४ मध्ये डिस्टिलऱ्यांची मागणी इतकी वाढली की मका निर्यात करणारा आपला देश त्याच वर्षी आयात करू लागला. म्यानमार आणि युक्रेनहून मका आला. माझ्यासारख्या लहान शेडवाल्याला खाद्याचा भाव वाढल्यावर दोनच मार्ग उरतात. पक्षी कमी भरायचे किंवा खाद्यात कणी आणि बाजरी मिसळून अंड्याचे वजन घटलेले सोसायचे.

आता हे अंडे कोठे जाते ते पाहा. आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून अंगणवाडीतल्या मुलांना अंडी दिली जातात. योजनेत प्रत्येक अंड्यामागे ठरावीक रक्कम असते आणि ती बाजारभावाबरोबर हलत नाही. मक्याचा भाव वाढला की अंडे महागते, आणि अंडे महागले की ठरलेल्या रकमेत ते बसवताना अंगणवाडी सेविकेची ओढाताण होते. जे अंडे मुलाला हवे म्हणून आपण सांगता, त्याच अंड्याचा कच्चा माल आपण डिस्टिलरीला देत आहात.

जालन्याचा_ठाणेकर
आपली अडचण मी नाकारत नाही. परंतु अंगणवाडीला स्वस्त अंडे मिळावे म्हणून मक्याचा भाव दाबायचा, याचा अर्थ त्या योजनेचे अनुदान मका पिकवणाऱ्याच्या खिशातून काढायचे असा होतो. ती रक्कम सरकारने वाढवावी. शिवाय धान्यापासून इथेनॉल काढले म्हणजे सगळे धान्य जळून जाते असे नव्हे. एक टन मक्यातून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते आणि पाठीमागे ३०० किलोच्या आसपास डीडीजीएस, म्हणजे धान्याचा वाळवलेला चोथा, उरतो. त्यात प्रथिने भरपूर असतात आणि तो पुन्हा कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यातच जातो.

ऐरोली_लातूर
या डीडीजीएसबद्दल आम्हा सोयाबीनवाल्यांनाही कोणी विचारावे. मी ऐरोलीत नोकरी करते, घरची शेती लातूर जिल्ह्यात आहे. सोयाबीनला भाव मिळतो तो मुख्यतः पेंडीमुळे. तेल वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकेही निघत नाही. बाकी सगळी पेंड, आणि तिचे गिऱ्हाईक म्हणजे खाद्य कारखाने. धान्य-इथेनॉल वाढले तसा स्वस्त डीडीजीएस बाजारात आला, खाद्य कारखान्यांनी पेंड कमी केली आणि आमचा भाव बसला. हे एकच कारण नव्हते, जगातही सोयाबीन स्वस्त होते, पण दबाव वाढला हे नक्की. २०२४-२५ चा हमीभाव ४८९२ रुपये असताना लातूरच्या आडतीत चार ते सव्वाचार हजारांचा दर होता. हमीभाव केंद्रांवर बारदाना नाही, ओलावा बारा टक्क्यांच्या वर आहे, अशी कारणे ऐकत लोक रांगेत उभे होते.

जालन्याच्या मक्याला दुसरे गिऱ्हाईक मिळाले, याचा मला आनंदच आहे. पण ज्या धोरणाने ते मिळाले, त्याच धोरणाने मराठवाड्यातल्याच दुसऱ्या जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचे गिऱ्हाईक कमी केले. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण आयात करतो, आणि तेलबियाच परवडेनाशा करून लोकांना मक्याकडे वळवतो. एका आयातीचे बिल कमी करण्यासाठी दुसऱ्या आयातीचे बिल वाढवणे ही ऊर्जासुरक्षा कशी, हे मला कोणी समजावून सांगावे.

महापे_अभियंता
वाद पहिल्या पिढीच्या, म्हणजे थेट पिकापासून काढलेल्या, इथेनॉलभोवतीच फिरतो आहे. पीक न वापरता त्याचे अवशेष वापरले तर हा पेच बऱ्याच अंशी सुटतो. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्याच्या क्षमतेचा आहे. २०१८ च्या ‘सतत’ योजनेत ओला कचरा, शेण आणि साखर कारखान्यांची प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) यांपासून बायोगॅस करण्यावर भर आहे. वाशीच्या भाजीपाला आणि फळ बाजारातून रोज जो ओला कचरा निघतो तो पाहिला, तर नवी मुंबईने मक्याच्या आधी त्याचा विचार करायला हवा.

घोडबंदर_वाचक
बाजाराच्या ओल्या कचऱ्याबाबत मी अभियंता साहेबांशी पूर्ण सहमत आहे. पेंढ्याबाबत सावधगिरी हवी. पंजाब-हरियाणात पेंढा शेतातच जाळला जातो, म्हणून तिथे त्याचा उपयोग करणे योग्यच आहे. आपल्याकडे शहापूर-मुरबाडचा पेंढा जनावरांच्या पुढ्यात जातो, आंब्याच्या आढीत जातो, आणि वाशीला येणाऱ्या हापूसच्या पेटीत फळाखाली अंथरलेला असतो. कागदावर ज्याला अवशेष म्हणतात, त्याला गावात बहुतेक वेळा धनी असतो. मोगली एरंडाच्या (जट्रोफा) बियांच्या तेलापासून बायोडिझेल करायचे ठरले, तेव्हा हेच घडले. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत वीस टक्के जैवइंधनाचे उद्दिष्ट होते आणि त्यासाठी ‘पडीक’ जमीन वापरायची होती. त्यातली पुष्कळ जमीन गावाची गायराने होती, आणि बियांचे उत्पन्नही सांगितले गेले तेवढे आले नाही. टांझानियातील किसरावे जिल्ह्यात गावांच्या जमिनी याच झाडासाठी परदेशी कंपनीला दिल्या गेल्या आणि २०११ मध्ये तो प्रकल्प बंद पडला. गावांच्या हाती रोजगारही राहिला नाही आणि जमीनही.

जालन्याच्या दादांचा मुद्दा मी हलका समजत नाही. पण इथेनॉलचे गिऱ्हाईक भरवशाचे आहे का, हे त्यांनीच तपासावे. ऑगस्ट २०२३ शंभराहून अधिक वर्षांतला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. डिसेंबरात साखरेची चिंता वाटू लागताच केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी घातली आणि आठवडाभरात ती मर्यादित स्वरूपात शिथिल केली. तोपर्यंत गाळप सुरू झाले होते आणि कारखान्यांनी डिस्टिलऱ्यांसाठी कर्जे उचलली होती. मक्याचेही तेच. क्षेत्र वाढले आणि २०२५ च्या दिवाळीनंतर भाव २४०० च्या हमीभावाच्या बराच खाली आला. कर्नाटकात हावेरी-गदग भागात शेतकरी खरेदीसाठी रस्त्यावर उतरले.

म्हणून माझी मागणी बंदीची नाही. इथेनॉलसाठी किती धान्य आणि किती साखर वळवता येईल, ही मर्यादा साठा आणि पाऊस यांच्याशी जोडून खरिपाच्या पेरणीआधी जाहीर व्हावी. साठा ठरलेल्या पातळीखाली गेला की ती आपोआप कमी व्हावी, वर गेला की वाढावी. डिसेंबरातला आदेश कोणाच्याच हिताचा नाही. आणि महामंडळाचा तांदूळ द्यायचाच असेल तर तो सरकारला पडणाऱ्या किमतीपेक्षा कमी दराने देऊ नये.

जालन्याचा_ठाणेकर
तांदळाच्या दराबाबत मी आपल्याशी सहमत होईन. तोट्यातला तांदूळ डिस्टिलरीला मिळाला की तिला माझा मका घ्यायची गरज उरत नाही, त्यामुळे त्यात माझेही नुकसान आहे. लातूरच्या ताईंचा मुद्दाही खरा आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

पण आपला नियम अर्धा आहे. साठा कमी झाला की शेतकऱ्याचे गिऱ्हाईक आपोआप कमी होणार, हे आपण लिहिले. गिऱ्हाईक कमी झाल्यावर भाव हमीभावाखाली गेला तर खरेदी कोण करणार, किती दिवसांत करणार आणि पैसे कधी देणार, हे लिहिले नाही. उसाला चौदा दिवसांचा कायदा आहे, मक्याला आणि सोयाबीनला नाही. ग्राहकाचे संरक्षण आपोआप आणि शेतकऱ्याचे संरक्षण आंदोलनानंतर, असा नियम असेल तर माझा त्याला विरोध राहील. दोन्ही गोष्टी एकाच आदेशात, एकाच तारखेला लागू होत असतील, तर मी पेरणीआधीच्या मर्यादेच्या बाजूने आहे.