पोलिसांच्या 'डिस्क्रिशन'ला मराठीत काय म्हणावे?

शब्दवेडी
एका अभ्यासगटासाठी अमेरिकेतल्या पोलीस-सुधारणांवरच्या मजकुराचे भाषांतर करते आहे. गाडी अडली ती 'ऑफिसर डिस्क्रिशन'पाशी. कुणाला थांबवायचे, कुणाची झडती घ्यायची, कुणाला सोडायचे आणि कुणाला बेड्या घालायच्या, हे रस्त्यावरचा साधा शिपाई जागेवर ठरवतो आणि कायदा त्याला ते ठरवू देतो, त्या गोष्टीसाठी हा शब्द आहे. मी 'स्वेच्छाधिकार' लिहिले होते, संपादकांनी सरसकट 'विवेकाधिकार' केले. आता एक वाक्य असे झाले आहे: 'विवेकाधिकाराचा वापर करून अधिकाऱ्याने कृष्णवर्णीय तरुणाची झडती घेतली.' म्हणजे झडती विवेकाने घेतली हे वाचणाऱ्याने आधीच मान्य करून टाकायचे. मूळ लेखातला सगळा वाद तर त्यावरच आहे. पर्याय सुचवा. 'रीझनेबल सस्पिशन'ला 'वाजवी संशय' चालेल का, तेही सांगा.

कोर्टकचेरी
संपादक बरोबर आहेत. राज्यपालांचा 'स्वविवेक' आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो, त्याला कुणी स्वेच्छा म्हणत नाही. 'स्वेच्छा' म्हटले की मराठी माणसाला मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छा कोट्यातल्या सदनिका आठवतात. कायद्याने दिलेला डिस्क्रिशन म्हणजे लहर नव्हे, तो कारणे देऊन, मर्यादेत वापरायचा असतो. शब्दात ती मर्यादा दिसली पाहिजे.

'वाजवी संशय' चालेल, पण 'वाजवी शंके'त मिसळू देऊ नका. वाजवी शंका उरली तर आरोपी सुटतो, वाजवी संशय असला तर माणूस अडवला जातो. दोन टोके आहेत.

शब्दवेडी
पण मर्यादा प्रत्यक्षात पाळली जाते की नाही, हे शब्दाने का ठरवावे? शब्द मोकळा हवा, निकाल वाचक देईल.

फारसी_मुळे
तुम्ही दोघेही संस्कृतात शोधताय. आपल्याकडे चांगला रुळलेला शब्द आहे: अखत्यार. अरबी 'इख्तियार', मूळ अर्थ 'निवड'. निवडण्याची मोकळीक आणि त्या मोकळिकीमागचा अधिकार, दोन्ही एका शब्दात. मुखत्यार, मुखत्यारपत्र हे त्याच धातूचे. 'त्याची आता खैर नाही' यातली खैरही त्याच घरातली. 'हे पोलिसाच्या अखत्यारातले आहे' असे लिहा, विवेक-स्वेच्छा दोन्ही टळतात.

कोर्टकचेरी
व्युत्पत्ती मान्य, पण आज 'अखत्यारीत' म्हणजे हद्दीत. 'ही बाब आमच्या अखत्यारीत येत नाही' हे वाक्य सरकारी कचेरीत गेलेल्या प्रत्येकाने ऐकले आहे. निवडीचा अर्थ कधीच झिजला.

फारसी_मुळे
झिजला तर घासूनपुसून वापरा. शुद्धीकरणाच्या नावाखाली आपण फारसी शब्दांना दोन पिढ्या दारात उभे केले, आणि आता 'विवेकाधिकार' असा सहा अक्षरांचा बनाव करून लोकांना कळत नाही म्हणून हळहळतो.

निवृत्त_अंमलदार
मी खात्यात होतो, म्हणून लिहितो. आमच्या बोलण्यात 'विवेकाधिकार' कधी आला नाही. डायरीत आम्ही 'समज देऊन सोडले' असे लिहायचो. हे तीन शब्द म्हणजे तुमचा डिस्क्रिशन. दोन भाऊ बांधावरून भांडून आले, दोघांना पकडता आले असते, पण तासभर बसवून, चहा पाजून, समज देऊन सोडले. कुणाला समज द्यायची आणि कुणावर कागद करायचा हे ठाणे अंमलदार ठरवायचा. कायद्यातही 'अटक करू शकेल' असे आहे, 'करील' असे नाही. त्या 'शकेल'मध्ये सगळे पोलीसकाम आहे.

दुसरी बाजूही सांगतो. समज कुणाला मिळते ते गाव, आडनाव आणि सोबत कोण आले आहे यावर पुष्कळ अवलंबून असायचे. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ते मला तेव्हाही पटत नव्हते.

संस्कृतवेल्हाळ
शब्दाच्या पोटात काय आहे तेही पाहा. विवेक हा 'विच्' धातूपासून, वि + विच् म्हणजे वेगळे करणे, निवडणे. नीरक्षीरविवेक तो हाच. डिस्क्रिशनचे मूळ लॅटिन 'डिसर्नेरे', त्याचाही अर्थ वेगळे करणे. तेव्हा विवेक हे भाषांतर धातूपर्यंत जुळते. आणि 'डिस्क्रिमिनेशन', म्हणजे भेदभाव, हा शब्दही त्याच लॅटिन मुळाचा. वेगळे ओळखणे आणि वेगळे वागवणे यांचे मूळ एकच. शब्दवेडीताई, तुमच्या लेखाचा विषय या एका धातूत आहे.

एडिसनकर
न्यू जर्सीत राहतो, म्हणून हा धातू मला रस्त्यावर भेटलेला आहे. इथल्या टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, 1998 साली राज्य पोलिसांनी एका व्हॅनवर गोळ्या झाडल्या. आत चार तरुण होते, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. त्यानंतर 1999 मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी अहवालात कबूल केले की वर्ण पाहून गाड्या थांबवल्या जातात, ही तक्रार खरी आहे. पुढे दहाएक वर्षे ते पोलीस खाते न्यायालयाच्या देखरेखीखाली होते. इथे 'ड्रायव्हिंग व्हाइल ब्लॅक' असा वाक्प्रचारच आहे, काळा असताना गाडी चालवण्याचा गुन्हा.

मागचा दिवा गेला म्हणून मलाही थांबवले आहे. 'लावून घ्या' म्हणून सोडले. माझ्याच ऑफिसातल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याला तेवढ्याच कारणासाठी खाली उतरवून डिकी उघडायला लावली. अमलदारसाहेबांच्या भाषेत, मला समज मिळाली. यात अडचण अशी की दिवा खरोखरच गेलेला होता. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्रेन खटल्यात सांगितले की वाहतुकीचा नियम खरोखर मोडला असेल, तर पोलिसाच्या मनातले खरे कारण काय होते ते अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीखाली (अवाजवी झडती-अटकेपासून संरक्षण देणारी ती) तपासायचे नाही. नियम तर प्रत्येक जण कधी ना कधी मोडतो, म्हणजे कुणालाही थांबवता येते. अशा अधिकाराला विवेक म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कोर्टकचेरी
त्याच निकालात म्हटले आहे की वंशावरून निवडक कारवाई झाली तर समानतेच्या कलमाखाली दाद मागता येते.

एडिसनकर
मागता येते, पण तिथे पोलिसाचा हेतू सिद्ध करावा लागतो. रात्री अकराला महामार्गाच्या कडेला उभा असलेला माणूस तो कशाने सिद्ध करणार?

सोलापूरकर
'संशया'कडे कुणी वळतच नाही, आणि खरा कळीचा शब्द तोच आहे. टेरी विरुद्ध ओहायो, 1968. वाजवी संशयावर रस्त्यात अडवून अंगावरून हात फिरवून झडती घ्यायला परवानगी मिळाली ती या निकालाने. घटना क्लीव्हलँडची, ऑक्टोबर 1963 मधली. मॅकफॅडन नावाचा साध्या वेशातला, 39 वर्षे नोकरी झालेला पोलीस. दोन माणसे आळीपाळीने दुकानाच्या काचेपर्यंत जातात, आत डोकावतात, कोपऱ्यावर परत येऊन एकमेकांशी बोलतात, असे दहा-बारा वेळा. त्याने अडवले, चाचपले, तर पिस्तुले निघाली. आठ विरुद्ध एक मतांनी निकाल पोलिसाच्या बाजूने. त्याने साक्षीत सांगितले की ती माणसे मला ठीक वाटली नाहीत. ती दोघे कृष्णवर्णीय होती हे निकालपत्रात कुठेही लिहिलेले नाही.

हे 'ठीक वाटले नाही' किती ताणता येते ते न्यूयॉर्कमध्ये दिसले. जानेवारी 2004 ते जून 2012 या काळात 44 लाख वेळा माणसे थांबवली. निम्म्याहून अधिक वेळा अंगझडती घेतली, आणि त्या झडत्यांपैकी दीड टक्क्यात शस्त्र सापडले. थांबवलेल्यांपैकी 88 टक्क्यांवर पुढे काहीच कारवाई झाली नाही. सुमारे 52 टक्के कृष्णवर्णीय होते, शहरात त्यांची वस्ती 23 टक्क्यांच्या आसपास. पोलीस भरायचे त्या 'यूएफ-250' फॉर्मवर कारणांच्या चौकटी असत, त्यातली एक 'फर्टिव्ह मूव्हमेंट्स', म्हणजे चोरट्या हालचाली, फुली मारली की झाले. खटल्यात पोलिसांना त्याचा अर्थ विचारला तर उत्तरे आली: दिशा बदलणे, चुळबूळ करणे, आत-बाहेर करणे, मागे वळून पाहणे. 2013 मध्ये न्यायाधीश शिरा शिंडलिन यांनी ही पद्धत ज्या तऱ्हेने राबवली गेली ती घटनाबाह्य ठरवली.

निवृत्त_अंमलदार
'फर्टिव्ह मूव्हमेंट्स'ला मराठी तयार आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, कलम 122: सूर्यास्त ते सूर्योदय, संशयास्पद स्थितीत. फिर्यादीत ठरलेले वाक्य असते, 'अंधारात आपले अस्तित्व लपवून बसलेला मिळून आला.' नवीन आलेला शिपाईसुद्धा पहिल्या महिन्यात हे वाक्य पाठ करतो.

सोलापूरकर
साहेब, हे वाक्य आमच्याकडे कुणाला लागते ते तुम्हाला ठाऊक आहे. सोलापुरात आजही एका वस्तीला 'सेटलमेंट' म्हणतात. 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात ठेवल्या, हजेरी लावली. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, म्हणून 'विमुक्त' हा शब्द आला. पण चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते ती अजून जातेच. तिथे 'संशय' हा शब्द घटनेवरून येत नाही, माणसावर आधीच लिहिलेला असतो. म्हणून म्हणतो, 'वाजवी संशय' नको, 'वहीम' लिहा. 'माझा अमुकवर वहीम आहे' हे लोक फिर्यादीत सांगत आले आहेत. त्यात मनाचा खेळ आहे हे ऐकताक्षणी कळते.

फारसी_मुळे
वा! वहीम, अरबी 'वहम', म्हणजे कल्पना, भास. आणि वाजवीऐवजी 'रास्त' घ्या. रास्त म्हणजे सरळ, खरे. वाजवी हे वाजिब, देय, ठरल्याइतके.

कोर्टकचेरी
'रास्त वहीम' हा वदतो व्याघात आहे. सरळ भास? अशाने कायद्याचे भाषांतर होत नाही.

संस्कृतवेल्हाळ
मुळात 'कृष्णवर्णीय' आणि 'वर्ण' इथे का येताहेत? रेस म्हणजे वंश. वर्ण म्हटले की चातुर्वर्ण्य डोळ्यांपुढे येते आणि अमेरिकेचा विषय बाजूला पडतो.

सोलापूरकर
बाजूला पडत नाही, जवळ येतो. मुंबईत 1972 मध्ये दलित पँथर निघाली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आणि कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये 1966 साली ब्लॅक पँथरची सुरुवातच पोलिसांच्या गस्तीवर गस्त घालण्यापासून झाली. पोलिसाने कुणाला अडवले की हे कार्यकर्ते कायदेशीर अंतर राखून, बंदूक आणि कायद्याचे पुस्तक घेऊन उभे राहत आणि अडवलेल्याला त्याचे हक्क सांगत. डिस्क्रिशनवर नजर ठेवायची, एवढाच तो कार्यक्रम होता. 'वंश' हा शब्द मला पाठ्यपुस्तकी वाटतो. शिवी वंशाला बसत नाही, कातडीला बसते.

संस्कृतवेल्हाळ
भावना समजते. पण लॅटिनो माणसाचे काय? तिथे कातडी एकसारखी नाही, तरी वागणूक तीच. वंश हा शब्द जास्त व्यापक आहे.

शब्दवेडी
सगळ्यांचे आभार, पण मला अजून डिस्क्रिशन हवा आहे! पुढच्या परिच्छेदात ग्रॅहम विरुद्ध कॉनर आहे, 1989. मधुमेही माणूस, साखर उतरली म्हणून संत्र्याच्या रसासाठी दुकानात शिरला, रांग मोठी पाहून लगेच बाहेर पडला. शिरला आणि पळाला एवढेच पोलिसाने पाहिले. गाडी थांबवली, हातात बेड्या घातल्या, झटापटीत त्याच्या पायाचे हाड मोडले. मित्र रस घेऊन आला तर तोही देऊ दिला नाही. न्यायालयाने कसोटी घातली ती 'घटनास्थळी असलेल्या वाजवी अधिकाऱ्या'ची, क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो हे ध्यानात घेऊन. इथे 'वाजवी' माणसाला लावायचे का? मराठीत माणूस समंजस असतो, वाजवी असतो तो भाव.

वऱ्हाडी_वाचक
'तारतम्य' कोणी कसे म्हणले नाही? तर आणि तम, त्याहून जास्त, सगळ्यात जास्त, असं तोलून पाहणं. आमची आजी म्हणायची, 'पोरा, तारतम्य ठेव.' तारतम्य ठेवता येते, सुटते, नसतेही. 'त्या शिपायाला तारतम्य नव्हतं' हे वाक्य मराठी आहे. 'त्या शिपायाला विवेकाधिकार नव्हता' म्हटले तर अर्थच उलटा होते. दोन गोष्टी हायेत: अधिकार आणि तो वापरायची अक्कल. इंग्रजीत एकच शब्द दोन्ही गिळते, म्हणून तिथं गोंधळ. आपण दोन शब्द ठेवू: अधिकाराला 'मोकळीक', अक्कलेला 'तारतम्य'. 2020 मध्ये मिनिआपोलिसात 20 डॉलरच्या खोट्या नोटेच्या तक्रारीवरून पोलीस आले, आणि जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा होता. मोकळीक होती, तारतम्य नव्हतं. सहकाऱ्याला आवरण्याचा नियम त्या खात्यात 2016 पासून होता, तरी कोणी आवरलं नाही.

एडिसनकर
हे मला पटले. त्याच शहरातले आणखी एक सांगतो, मोकळीक काढून घेण्याचा प्रयोग. 1981-82 मध्ये घरगुती मारहाणीच्या किरकोळ तक्रारींत पोलिसांना रंगीत पानांची वही दिली होती. वरच्या पानाचा रंग सांगेल ते करायचे: अटक, किंवा समजूत, किंवा आठ तास घराबाहेर काढणे. अटक झालेल्यांनी पुन्हा मारहाण कमी केली असे दिसले, आणि अनेक राज्यांनी अटक सक्तीची केली. पुढे इतर शहरांत तोच प्रयोग केला तेव्हा उत्तरे एकसारखी आली नाहीत. मोकळीक काढली की न्याय आपोआप येतो असेही नाही.

निवृत्त_अंमलदार
ठाण्यात तशी वही असती तर ते दोन भाऊ त्या दिवशी आत गेले असते. मोकळीक काढू नका, लिहून घ्या. समज देऊन सोडले तर का सोडले, नाही सोडले तर का नाही, नाव-जातीसकट नोंद ठेवा आणि वरिष्ठांनी महिन्याला ती वाचावी.

शब्दवेडी
'मोकळीक' टिपून ठेवते. संपादक मानतील असे वाटत नाही. पुढचा अडथळा: 'कन्सेंट डिक्री', म्हणजे दोन्ही पक्षांच्या संमतीने ठरलेल्या सुधारणांना न्यायालय मंजुरी देऊन काढते तो आदेश. मी 'संमतीचा हुकूमनामा' केले आहे. मिनिआपोलिसशी संघराज्याचा असा करार जानेवारी 2025 मध्ये झाला आणि मे महिन्यात सरकारनेच तो मागे घेतला, न्यायाधीशांनी प्रकरण काढून टाकले. राज्याच्या मानवी हक्क विभागाशी झालेला वेगळा करार मात्र चालू आहे. अंतिम सहीशिक्का झालाच नाही त्याला हुकूमनामा म्हणावे का?

कोर्टकचेरी
नाही. न्यायालयाची मोहर लागेपर्यंत ती तडजोड. 'तडजोडपत्र' लिहा.

फारसी_मुळे
'सुलेनामा' असताना तडजोडपत्र कशाला? सुलह, सुला, सुलेनामा. जुनी दफ्तरे काढून पाहा.

सोलापूरकर
सुलेनामा दोन बरोबरीच्या पक्षांत होतो. इथे एका बाजूला शहराचे पोलीस खाते आणि दुसऱ्या बाजूला ज्यांची झडती झाली ती माणसे, आणि सही करताना ती माणसे टेबलाशी नव्हतीच. दुसरा शब्द शोधा.