उत्तर: रोबोच्या हातासाठी साधा सिलिंडर चालेल का?

हवेच्या दाबावर चालणारा ३२ बोअरचा (आतून ३२ मिमी व्यासाचा) सिलिंडर रोबोच्या हाताला जास्तच होतो हे वरचं म्हणणं अर्धंच पटलं. ६ बार दाबाला त्याचा रॉड बाहेर जाताना जवळपास ४९ किलोचा जोर लावतो (आत येताना १२ मिमी रॉडची जागा वजा होते म्हणून ४२), पण रेग्युलेटर (दाब कमी करणारा व्हॉल्व्ह) लावून ३ बारवर आणला की निम्मा, आणि झटके बसतात म्हणताय त्यासाठी फ्लो कंट्रोल (हवेचा वेग आवरणारा व्हॉल्व्ह) बाहेर पडणाऱ्या हवेवर लावा, आत येणाऱ्या नको, मग बघा कसा गुळगुळीत चालतो.

खरी गंमत दुसरीकडे आहे जी कुणी लिहिली नाही. आयएसओ १५५५२ या सिलिंडरच्या मानकातल्या ३२ बोअरला रॉडचे आटे एम१० × १.२५ (१० मिमी व्यास, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर म्हणजे पिच) असतात आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडचा एम१० नट १.५ पिचचा. कॉलेजात रात्री अकरा वाजता आम्ही तो नट एक-दोन फेरे गेला म्हणून खूश, मग अडकला तर पाना लावून दामटला, आणि रॉडचे आटेच गेले. सकाळी भोसरीला जाऊन फाइन म्हणजे १.२५ पिचचा रॉड आय (रॉडच्या टोकाला बसणारं, हलू देणारं कडं) आणला, पण तोवर रॉड बदलायची वेळ आलेली. आणि हो, रॉड आय लावला तरी सिलिंडरच्या मागे क्लेव्हिस (बिजागरीसारखा पिनेचा जोड) हवाच. आमच्या सीनियरांनी मागून घट्ट बोल्ट केलेला, हात वर्तुळात फिरणार आणि सिलिंडर सरळ रेषेत, मग सगळा बाजूचा भार रॉडला आधार देणाऱ्या बुशवर. थोड्याच दिवसांत रॉडपाशी फुसफुस सुरू, साबणाचं पाणी लावलं तर हे एवढे बुडबुडे.